पांढऱ्या अस्वलाचा दुष्काळ उन्हाळ्यात पडतो

२०१७ च्या डिसेंबरात एक व्हिडिओ जगभर फिरला. आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरही तो आला होता. हाडांचा सापळा उरलेलं एक पांढरं अस्वल मागचे पाय ओढत चालतंय, थांबतंय, कचऱ्याच्या पिंपात तोंड घालून काही मिळतंय का ते बघतंय. ज्याने पाहिला तो हळहळला. बऱ्याच जणांनी अर्थही एकच लावला: उत्तर ध्रुवाची थंडी, त्यात खायला नाही, बिचारं गारठून मरतंय.

मलाही तसंच वाटलं होतं. दुसऱ्यांदा पाहताना लक्ष अस्वलावरून त्याच्या पायांखाली गेलं. तिथे बर्फ नव्हता. उघडी, तपकिरी जमीन होती. व्हिडिओ कॅनडाच्या उत्तरेकडच्या सॉमरसेट बेटावरचा होता आणि चित्रीकरण झालं होतं ऑगस्टमध्ये. लोकांपर्यंत तो डिसेंबरात पोहोचला, म्हणून सगळ्यांनी त्याला हिवाळा चिकटवला.

त्या एका अस्वलाला नेमकं काय झालं होतं हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हातारपण, आजार, जखम, काहीही असू शकेल. ज्या मासिकाने तो व्हिडिओ दाखवला त्यांनीही पुढे मान्य केलं की या अस्वलाच्या हालांना हवामानबदलच कारणीभूत आहे असं सुचवण्यात आपलं चुकलं. पण ऋतूची गोष्ट मात्र मनात राहिली. पांढरं अस्वल थंडीत कसं जगतं, असा प्रश्न आपण नेहमी विचारतो. थंडीचा बंदोबस्त त्याच्याकडे चोख आहे. त्याची खरी परीक्षा बर्फ वितळल्यावर सुरू होते. आधी हिवाळा समजून घेतला तर हे आपोआप उलगडतं.

हिवाळ्यात अस्वल झोपतं ना?

शाळेत आपण शिकलो की अस्वलं शीतनिद्रा घेतात. शीतनिद्रा म्हणजे अन्नाचा तुटवडा असलेला काळ, शरीराची चूल मंद करून, साठवलेल्या चरबीवर, न खाता-पिता काढणं. यातला ‘अन्नाचा तुटवडा’ हा भाग महत्त्वाचा. अलास्कातलं किंवा रशियातलं तपकिरी अस्वल थंडी सोसत नाही म्हणून झोपत नाही. त्याची फळं, मुळं, किडे आणि नदीतले मासे हिवाळ्यात नाहीसे होतात म्हणून झोपतं. दुकान बंद असेल तर बाजारात हिंडून पाय कशाला झिजवायचे, असा साधा हिशेब आहे तो.

पांढऱ्या अस्वलाचा बाजार नेमका उलटा चालतो. त्याचं मुख्य अन्न म्हणजे सील. सील पाण्यात राहतो, आणि पाण्यात त्याला गाठणं अस्वलाच्या आवाक्याबाहेरचं आहे. अस्वल कितीही चांगलं पोहत असलं तरी सील त्याहून कितीतरी चपळ. समुद्र गोठला, की मात्र सीलच्या डोक्यावर छप्पर येतं आणि अस्वलाच्या पायांखाली रस्ता. म्हणून हिवाळ्यात नर जागे असतात, एकट्या माद्या जाग्या असतात, मोठ्या पिल्लांना घेऊन हिंडणाऱ्या माद्याही जाग्याच असतात. कित्येक महिने आत जाऊन राहते ती फक्त गाभण मादी. तिच्याबद्दल पुढे सविस्तर सांगते.

जागं राहणं सोपं मात्र नाही. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर लाँगियरब्येन नावाचं गाव आहे, तिथे ऑक्टोबरअखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. अस्वल या अंधारात नाकाच्या भरवशावर चालतं. भर हिवाळ्यात शिकारही बेताचीच मिळते. वादळ सुटलं की ते बर्फात खळगा करतं, वाऱ्याकडे पाठ करून अंगाची मोळी करतं आणि वरून भुरभुरणारा बर्फ अंगावर साचू देतं. ताज्या बर्फात हवा खूप अडकलेली असते, त्यामुळे त्याची गोधडीच होते. वादळ ओसरलं की अस्वल उठतं, अंग झटकतं आणि चालू लागतं.

उणे ३० अंशांत ऊब टिकते कशी?

एका मोठ्या पातेल्यात चहा ठेवा आणि थोडा बशीत ओता. बशीतला केव्हाच गार होतो. जितकं आकारमान मोठं, तितका आतल्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग कमी आणि तितकी उष्णता कमी निसटते. प्रौढ नर साधारण ४०० ते ६०० किलोचा असतो, म्हणजे पातेलं चांगलंच मोठं. शिवाय कान इवलेसे, शेपूट नावापुरती. ज्या अवयवांतून उष्णता पळते ते अवयवच लहान ठेवलेत.

त्यावर दोन थरांचं पांघरूण. कातडीलगत दाट, मऊ लोकर आणि तिच्यावर लांब, राठ केस. हे लांब केस पोकळ आणि रंगहीन असतात. मग अस्वल पांढरं का दिसतं? खडीसाखर आठवा. खडा पारदर्शक असतो, तोच खलबत्त्यात कुटला की पांढराशुभ्र दिसतो, कारण असंख्य कणांवर आपटून प्रकाश सगळीकडे विखुरतो. केसांचंही तसंच. त्याखालची कातडी मात्र काळी असते.

याच पोकळ केसांवरून एक गोष्ट अनेक वर्षं पुस्तकांतून फिरत राहिली: हे केस काचतंतूंसारखे सूर्यप्रकाश आत काळ्या कातडीपर्यंत नेतात आणि अस्वल उन्हावर शेकतं. ऐकायला फार सुंदर आहे. अमेरिकेतल्या डॅनियल कून या भौतिकशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये केसातून प्रकाश सोडून मोजलं, तेव्हा जवळजवळ सगळा प्रकाश एका इंचाच्या आत केसातच जिरत असल्याचं दिसलं. आणि जिथे कित्येक महिने सूर्यच नाही तिथे उन्हावर शेकणार कोण?

केसांचं एक गुपित मात्र अगदी अलीकडे उलगडलं. अस्वल पाण्यातून बाहेर येतं तेव्हा हवा उणे ३०, तरी अंगावर बर्फाचे गोळे चिकटत नाहीत. २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या बोडिल होल्स्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे काम केसांवरच्या तेलकटपणाचं आहे. केस धुऊन तेल काढलं की बर्फ घट्ट चिकटतो. माणसाच्या केसांच्या तेलात असणारा एक घटक या तेलात जवळजवळ नाही, त्यामुळे बर्फाला धरायला जागा मिळत नाही. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळी आहे. उत्तर ध्रुवाकडच्या इन्यूट लोकांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. शिकारीला बसायच्या तिवईच्या पायांना आणि पादत्राणांच्या तळाला ते अस्वलाची कातडी लावत, म्हणजे बर्फ चिकटत नाही आणि करकर आवाजही होत नाही.

ओल्या लोकरीत ऊब राहत नाही, हे पावसात भिजलेला स्वेटर घालून पाहिलेल्या कुणालाही माहीत आहे. म्हणून पाण्यात उतरल्यावर तिसरा थर कामाला येतो, कातडीखालची चरबी. धष्टपुष्ट अस्वलात ती १० सेंटिमीटरपर्यंत जाड असते. आपल्या तळहाताची रुंदी साधारण तेवढी भरेल.

ही सगळी व्यवस्था इतकी पक्की आहे की उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर अस्वलाचं अंग आसपासच्या बर्फात जवळजवळ मिसळून जातं, ठळक दिसतो तो फक्त चेहरा. याचा दुसरा अर्थ असा की आतली उष्णता सहज बाहेरही पडत नाही. अस्वल जोरात पळालं तर थोड्याच वेळात तापतं. म्हणून त्याची चाल संथ असते. आपण ज्याला आळस म्हणू ती त्याची अंग तापू न देण्याची सवय आहे.

बर्फातलं भोक आणि त्याच्या काठावरचं वाट पाहणं

हिवाळ्यात अस्वलाचं पोट भरतं ते बहुतेक वलयांकित सीलवर. पाठीवर फिकट कडी असलेला हा लहान सील. त्याला पाण्याखाली राहायचं असलं तरी श्वास हवेतच घ्यावा लागतो. समुद्र गोठायला लागला की तो पुढच्या वल्ह्यांसारख्या पायांच्या नखांनी बर्फ खरवडत राहतो आणि काही भोकं उघडी ठेवतो. वरचा बर्फ जाड होत जातो, भोक मात्र खरवडून खरवडून जिवंत राहतं. इन्यूट भाषेत या भोकाला आग्लू म्हणतात, आणि अस्वलाला नानूक.

नानूक असं एखादं आग्लू वासाने हुडकतं. वर हातभर बर्फ साचलेला असला तरी त्याला पत्ता लागतो. मग ते काठाशी येऊन पोटावर पसरतं किंवा बसून राहतं. एक तास, दोन तास, कधी त्याहून जास्त. पाय हलवायचा नाही, कारण बर्फावरचा आवाज पाण्यात लांबवर जातो. अस्वलाचा पंजा जेवणाच्या ताटाएवढा, ३० सेंटिमीटरपर्यंत रुंद असतो. तळव्यावर बारीक उंचवटे आणि मधे केस, त्यामुळे तो घसरतही नाही आणि वाजतही नाही. खाली पाणी किंचित वर चढतं, सीलच्या आगमनाने भोकातली हवा ढकलली जाते, त्याचा श्वास ऐकू येतो. त्या क्षणी पंजा आणि जबडा एकदम भोकात. पुष्कळदा सील निसटतो, कारण त्याची अशी आणखी भोकं असतात. अस्वल पुन्हा बसतं.

मार्च-एप्रिलमध्ये चित्र पालटतं. सीलच्या माद्या बर्फावर साचलेल्या भुसभुशीत थरात घरं करून पिल्लं घालतात. आईच्या दाट दुधावर ती पिल्लं काही आठवड्यांत गुबगुबीत होतात, निम्मं वजन चरबीचं. त्यांना अजून पळायची अक्कल आलेली नसते. अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं आणि पुढच्या दोन्ही पायांनी अंग झोकून घराचं छप्पर फोडतं. एप्रिल ते जून ही त्याची खरी सुगी. वर्षभराची कणगी याच काळात भरते, आणि ती भरायला खाली बर्फ हवा असतो.

एवढं खाणं त्याला लागतं तरी किती? २०१८ मध्ये ॲन्थनी पॅगानो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अलास्काच्या उत्तरेच्या बोफर्ट समुद्रातल्या ९ माद्यांना त्यांनी कॅमेरे असलेले गळपट्टे बांधले होते. रोजचा खर्च सरासरी १२,३२५ किलोकॅलरी निघाला. कष्टाचं काम करणाऱ्या माणसाला ३,००० च्या आसपास लागतात. आधीच्या अंदाजापेक्षा हा खर्च सुमारे १.६ पट होता. भागवायचं तर दर १० ते १२ दिवसांत एक पूर्ण वाढलेला वलयांकित सील मिळायलाच हवा. सुगीच्या दिवसांतला अभ्यास असूनही त्या ९ पैकी ५ माद्यांचं वजन घटलं.

मांस सोडून चरबी का?

भरल्या पोटी अस्वल सीलची कातडी आणि चरबी खातं आणि मांस बरंचसं तसंच टाकून जातं. कोल्हे आणि तरुण, अननुभवी अस्वलं ते साफ करतात. ही नासाडी वाटते, पण यामागे पाण्याचा हिशेब आहे. मांसातल्या प्रथिनांचा निचरा लघवीतून होतो आणि त्याला पाणी खर्ची पडतं. चरबी जाळली की उलट शरीरातच पाणी तयार होतं. चहूकडे बर्फ असला तरी प्यायला गोडं पाणी नाही, आणि बर्फ खाऊन वितळवायचा तर अंगातली ऊब खर्च करायची. चरबी खाणारा प्राणी जेवणातूनच पाणी मिळवतो.

इतकी चरबी खाऊन हृदयविकार होत नाही का, असं डॉक्टरांनाही वाटलं. २०१४ मध्ये पांढऱ्या आणि तपकिरी अस्वलांच्या जनुकांची तुलना झाली तेव्हा रक्तातल्या चरबीची ने-आण करणाऱ्या जनुकांत पांढऱ्या अस्वलात मोठे बदल झालेले आढळले. त्याच अभ्यासाने या दोन जाती वेगळ्या होऊन पाच लाख वर्षंही झाली नसल्याचं सांगितलं. उत्क्रांतीच्या मानाने हे फार थोडे दिवस.

बाळंतिणीची खोली

आता गाभण मादीकडे वळू. पांढऱ्या अस्वलाच्या हिवाळ्यातला हा भाग मला सगळ्यात अद्भुत वाटतो.

नर-मादीचं मीलन एप्रिल-मे महिन्यांत, बर्फावर होतं. पण गर्भ लगेच वाढत नाही. पेशींचा एक सूक्ष्म गोळा गर्भाशयात महिनोन् महिने तसाच तरंगत राहतो. आपल्याकडे कोरडवाहू शेतकरी धूळपेरणी करतात: पावसाआधी कोरड्या मातीत बी टाकून ठेवायचं, पाऊस आला तर उगवेल. मादीच्या शरीरात जवळजवळ हेच घडतं. शरद ऋतू येईपर्यंत तिच्या अंगावर पुरेशी चरबी साठली असेल तर गर्भ गर्भाशयाच्या भिंतीला रुजतो. नसेल तर गर्भारपण पुढेच जात नाही. सुगीत तिला किमान २०० किलो वजन चढवावं लागतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती साचलेल्या बर्फाच्या कड्यात बीळ खोदते. आधी अरुंद बोगदा, मग थोडी चढावर असलेली खोली. खोली दाराहून उंच, म्हणजे तिच्या अंगाची ऊब वर अडकून राहते. बाहेर उणे ३० असताना आत शून्याच्या आसपास असू शकतं. कॅनडात हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर, वापुस्क राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात, माद्या आधी दलदलीच्या काठच्या मातीत बीळ खोदतात आणि मग वर बर्फ साचतो. वापुस्क या क्री भाषेतल्या शब्दाचा अर्थच पांढरं अस्वल.

डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास पिल्लं होतात, बहुतेक वेळा दोन. एकेक सुमारे ६०० ग्रॅमचं, किलोभर साखरेच्या पुड्यापेक्षाही हलकं. डोळे मिटलेले, अंगावर विरळ लव. बाहेर ते काही मिनिटंही तगलं नसतं. आई त्यांना पुढच्या पायांच्या कुशीत, छातीशी धरते. दूध पिताना पिल्लं एकसुरात घुमल्यासारखा आवाज करतात. म्हशीच्या दुधात ६-७ टक्के स्निग्धांश असतो, हिच्या दुधात ३० टक्क्यांच्या वर. आपल्याकडे बाळंतिणीची खोली उबदार, अंधारी ठेवतात, वारा लागू देत नाहीत, आणि तिला तुपाचे लाडू देतात. इथे खोली तशीच आहे, पण लाडू आधीच खाऊन झालेले. या काळात ती काही खात नाही, पीत नाही, मलमूत्रही टाकत नाही. शरीरातला नत्राचा कचरा पुन्हा प्रथिनांत वळवला जातो. माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळला तर हाडं ठिसूळ होतात. अस्वलांची हाडं या काळात टिकून राहतात, ती कशी हे समजून घ्यायला अस्थिरोगांचे अभ्यासक उत्सुक आहेत.

ही शीतनिद्राही अर्धीच म्हणायची. आर्क्टिकमधली बिळात राहणारी एक खार झोपेत शरीराचं तापमान उणे २.९ अंशांपर्यंत उतरू देते. अस्वल मादीचं तापमान जेमतेम काही अंश उतरतं. तिला पिल्लांना ऊब द्यायची असते, म्हणून चूल विझवून चालत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये ती बीळ फोडून बाहेर येते तेव्हा पिल्लं १० किलोच्या आसपास झालेली असतात. काही दिवस ती दाराशीच घुटमळतात, घसरतात, परत आत जातात. मग आई त्यांना घेऊन बर्फाकडे निघते. सीलची पिल्लं जन्मण्याचा मोसम तेव्हा नुकता सुरू झालेला असतो.

मग घोडं अडतं कुठे?

हडसन उपसागर दर उन्हाळ्यात पूर्ण वितळतो. तिथली सगळी अस्वलं जुलैच्या सुमारास नाइलाजाने किनाऱ्यावर येतात आणि नोव्हेंबरात समुद्र पुन्हा गोठेपर्यंत साठवलेल्या चरबीवर जगतात. दिवसाला साधारण एक किलो वजन उतरतं. हे चक्र जुनंच आहे, त्यात नवं काही नाही. नवं आहे ते त्याचं लांबणं. १९७९ ते २०१५ या काळात तिथला बिनबर्फाचा काळ सुमारे ३ आठवड्यांनी वाढला. आता अस्वलं साधारण १३० दिवस जमिनीवर असतात.

तीन आठवडे ऐकायला फार वाटत नाहीत. पण बर्फ लवकर फुटतो तेव्हा जातात ते दिवस जूनमधले असतात, सुगीतले. शेतकऱ्याच्या भाषेत, काढणीच्याच आठवड्यात मळ्याची वाट बंद होते आणि वर पुढचा दुष्काळ लांबतो. पश्चिम हडसनच्या अस्वलांची संख्या १९८७ च्या सुमारास १,२०० च्या घरात होती. २०२१ च्या पाहणीत ती ६१८ भरली.

संपूर्ण आर्क्टिकमध्ये सप्टेंबरातला, म्हणजे वर्षातला सगळ्यात कमी, बर्फ उपग्रहांच्या नोंदी सुरू झाल्यापासून दर दशकाला सुमारे १२ टक्क्यांनी घटतोय. पांढरा बर्फ ऊन परतवतो, उघडा काळसर समुद्र ते शोषतो. उन्हात पांढरा सदरा आणि काळी छत्री हाताला कशी लागते ते आठवलं की पुरे. एकदा समुद्र उघडा पडला की तो अधिक तापतो आणि पुढचा बर्फ उशिरा धरतो.

जमिनीवर दुसरं काही खाता येणार नाही?

हा प्रश्न रास्त आहे. अस्वल हुशार प्राणी आहे आणि भुकेला प्राणी काहीही खाऊन पाहतो. स्वालबार्डमध्ये पांढऱ्या अस्वलांनी रेनडियर मारल्याच्या आणि पक्ष्यांची अंडी फस्त केल्याच्या नोंदी आहेत.

पण पोट भरणं वेगळं आणि कणगी भरणं वेगळं. २०२४ च्या फेब्रुवारीत पश्चिम हडसनच्या २० अस्वलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उन्हाळ्यात तीन आठवडे त्यांच्या गळ्यात कॅमेरे होते. काही नुसती पडून राहिली. काही हिंडली, रानबोरांसारखी फळं, गवत, समुद्री शेवाळ, मेलेले पक्षी खाल्ले. तिघं लांबवर पोहली, त्यातल्या दोघांना पाण्यात मेलेला प्राणीही सापडला, पण पाण्यात तरंगत तो धड खाता येईना आणि किनाऱ्यावर ओढूनही आणता येईना. शेवटी २० पैकी १९ अस्वलांचं वजन घटलं. फळं शोधणाऱ्यांनी जेवढं मिळवलं तेवढंच ती शोधण्यात घालवलं.

उन्हाळ्यात अस्वल ‘चालता-चालता शीतनिद्रा’ घेत असेल, अशीही एक कल्पना होती. बोफर्ट समुद्राकडच्या अस्वलांच्या शरीराचं तापमान आणि हालचाल मोजणाऱ्या २०१५ च्या अभ्यासाने ती खोडून काढली. उन्हाळ्यात अस्वलाचा खर्च कुठल्याही उपाशी प्राण्याइतकाच कमी होतो, त्याहून जास्त नाही.

आणि पोहत दूरच्या बर्फापर्यंत जाण्याचं म्हणाल, तर २००८ मध्ये बोफर्ट समुद्रात एक मादी सलग नऊ दिवस, ६८७ किलोमीटर पोहली. तिचं २२ टक्के वजन गेलं. निघाली तेव्हा वर्षाचं पिल्लू सोबत होतं. पुन्हा पकडून पाहिलं तेव्हा ते नव्हतं.

अस्वलांची संख्या तर वाढली म्हणतात

काही ठिकाणी वाढली, हे खरं आहे. कारण वेगळं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विमानातून, जहाजातून, सापळ्यांच्या बंदुका लावून अस्वलांची बेसुमार शिकार चालायची. सोव्हिएत संघाने १९५६ मध्ये बंदी घातली. १९७३ मध्ये ऑस्लोत कॅनडा, अमेरिका, सोव्हिएत संघ, नॉर्वे आणि ग्रीनलँडच्या वतीने डेन्मार्क, अशा पाच देशांनी करार केला. शीतयुद्ध चालू असताना हे घडलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. शिकार आवरल्यावर संख्या सावरणारच होती. आज जगभरात अंदाजे २२,००० ते ३१,००० अस्वलं असावीत. १९६० च्या दशकात कुणी नीट मोजलेलीच नव्हती, त्यामुळे ‘तेव्हापेक्षा किती पट’ हा आकडा छातीठोकपणे कुणी सांगत असेल तर सावध राहावं.

सगळीकडे परिस्थिती सारखीही नाही. अलास्का आणि रशियाच्या मधल्या चुकची समुद्रात बर्फ घटला तरी अस्वलं चांगल्या अंगाची आहेत, कारण तिथला उथळ समुद्र समृद्ध आहे आणि सील भरपूर. कॅनडातल्या इन्यूट गावांचे लोक सांगतात की आम्हाला पूर्वीपेक्षा जास्त अस्वलं दिसतात. त्यांच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवायचं कारण नाही. गावाजवळ जास्त अस्वलं दिसणं आणि एकूण अस्वलं कमी होणं, दोन्ही एकाच वेळी घडू शकतं. बर्फावर असायला हवी होती ती अस्वलं किनाऱ्यावर असली की गावकऱ्यांनाच भेटणार.

पूर्वीही टिकली, आताही जुळवून घेतील?

स्वालबार्डमध्ये २००४ मध्ये पांढऱ्या अस्वलाच्या जबड्याचं एक हाड मिळालं, १,१०,००० ते १,३०,००० वर्षांपूर्वीचं. म्हणजे दोन हिमयुगांमधला ऊबदार काळ या जातीने पाहिलेला आहे. तो आशेचा धागा आहे. पण तेव्हाचे बदल हजारो वर्षांत झाले. मादी पहिल्यांदा विते ती साधारण पाचव्या वर्षी आणि मग दर तीन वर्षांनी. चाळीस वर्षांत तिच्या किती पिढ्या होणार?

२०२२ मध्ये ग्रीनलँडच्या आग्नेय किनाऱ्यावर अस्वलांचा एक वेगळा, काही शे जनावरांचा गट असल्याचं क्रिस्टिन लेड्र आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. तिथे समुद्र वर्षाचे आठ-नऊ महिने गोठलेला नसतो. ती अस्वलं हिमनद्यांतून तुटून खाडीत साचलेल्या गोड्या पाण्याच्या बर्फावर शिकार करतात. बातमी आनंदाची आहे, फक्त असा बर्फ आर्क्टिकमध्ये मोजक्याच ठिकाणी असतो. जुळवून घेतलेल्या या अस्वलांनाही पायांखाली बर्फ लागतोच.

गोव्यातून ध्रुवाकडे

या बर्फावर नजर ठेवणारी एक खिडकी गोव्यात आहे. वास्कोतलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुंड गावात २००८ पासून ‘हिमाद्री’ हे भारतीय ठाणं चालवतं. २०२३ च्या डिसेंबरात पहिल्यांदाच आपले संशोधक भर हिवाळ्यात, चोवीस तासांच्या अंधारात तिथे राहायला गेले. पहिल्या तुकडीत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचाही सहभाग होता. वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर अस्वलाला हुसकावण्याचं साधन जवळ असावंच लागतं. समोरच्या काँग्सफ्योर्ड या खाडीत भारताचं एक उपकरण २०१४ पासून पाण्याखाली उभं आहे, पाण्याचं तापमान आणि क्षार मोजत. ही खाडी पूर्वी हिवाळ्यात चांगली गोठायची. २००६ नंतर अटलांटिकचं कोमट पाणी आत शिरायला लागलं आणि बर्फ कमी झाला.

आता पुन्हा हडसनच्या काठावर. कॅनडातल्या चर्चिल गावाजवळ नदीचं गोडं पाणी उपसागराला मिळतं. गोडं पाणी खाऱ्याच्या आधी गोठतं, म्हणून पहिला बर्फ तिथे धरतो आणि महिनोन् महिने ताटकळलेली अस्वलं नोव्हेंबरात त्या बाजूला जमतात. बर्फ अजून कोवळा असतो. मोठे नर पुढचा पाय दाबून पाहतात, पाय फाकवून वजन पसरतात, एखादी जागा फारच पातळ असली तर पोटावर सरपटत पुढे जातात. एकेक करून सगळी आत, समुद्राकडे निघतात. गाभण मादी त्यांच्यात नसते. ती किनाऱ्यापासून कितीतरी आत, मातीच्या बिळात असते. जुलैपासून ती जेवलेली नाही. मार्चपर्यंत जेवणार नाही.